पैशांचे ऑनलाइन खेळ, मोह आणि नवा प्रारंभ

सन २०२५ च्या ऑगस्ट महिन्यात आपल्या देशाच्या संसदेने एक महत्त्वाचा कायदा अत्यंत वेगाने संमत केला. २० ऑगस्ट रोजी लोकसभेने व २१ ऑगस्ट रोजी राज्यसभेने त्यास मान्यता दिली आणि २२ ऑगस्ट रोजी राष्ट्रपतींची संमतीही मिळाली. ऑनलाइन खेळांचे प्रोत्साहन व नियमन असा ह्या कायद्याच्या नावाचा आशय असला तरी जनसामान्यांत तो ‘ऑनलाइन जुगारबंदी’ म्हणूनच परिचित झाला. पैसे लावून पैसे जिंकण्याचे ऑनलाइन खेळ, मग ती रमी असो, पोकर असो वा क्रिकेटचा काल्पनिक संघ निवडण्याचा खेळ असो, ह्या कायद्याने निषिद्ध ठरविले. असा खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक कोटी रुपयांपर्यंत दंड, तर त्याची जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व पन्नास लाख रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद करण्यात आली. खेळणाऱ्याला मात्र गुन्हेगार मानलेले नाही. तो पीडित आहे, अशी शासनाची भूमिका आहे.

ह्या भूमिकेमागे आकडेवारी आहे. त्या वेळी शासनाने दिलेल्या अंदाजानुसार देशातील सुमारे ४५ कोटी लोक अशा खेळांत दरवर्षी सुमारे २०,००० कोटी रुपये गमावीत होते. कायदा येताच मोठ्या कंपन्यांनी पैशांचे खेळ थांबविले आणि भारतीय क्रिकेट संघाच्या गणवेशावर झळकणारे अशाच एका कंपनीचे नाव त्याच महिन्यात उतरले. कायद्याला न्यायालयात आव्हानही देण्यात आले. कायद्याच्या वैधतेचा निर्णय न्यायालये करतील. आपण ख्रिस्ती श्रद्धावंतांनी त्यापलीकडचा एक प्रश्न स्वतःला विचारावयास हवा: दुकानाला टाळे लागले, पण ज्याचे पाऊल रोज त्या दुकानाकडे वळत होते त्या आपल्या बांधवाचे आता काय?

आपल्या उंबरठ्याच्या आत

हा प्रश्न इतरांच्या घरचा आहे असे समजण्याचे कारण नाही. एक घर डोळ्यांसमोर आणावे. घरातील तरुण नोकरीस आहे. लोकलच्या प्रवासात मित्राच्या सांगण्यावरून त्याने पन्नास रुपये लावले आणि दोनशे जिंकले. पुढे पाचशे लावले, ते गेले. गेलेले परत मिळविण्यासाठी हजार लावले. पगार संपला, तेव्हा मोबाईलवरच पाच मिनिटांत कर्ज देणारे ॲप सापडले. काही महिन्यांनी पत्नीला दागिन्यांच्या डब्यात बांगड्या सापडत नाहीत आणि आईच्या नावावरची मुदत ठेव मोडलेली आहे हे बँकेत गेल्यावर कळते. रविवारी मात्र हे कुटुंब नेहमीप्रमाणे पवित्र मिस्साला एकाच बाकावर बसलेले असते. शेजारच्या बाकावरील कोणाला काही कळत नाही, कारण ह्या व्यसनाला वास नाही आणि पावले अडखळत नाहीत. दारू पिऊन येणारा मनुष्य गावाला दिसतो. हा मनुष्य अंथरुणात पांघरूण डोक्यावर घेऊन, घरातील माणसे झोपल्यावर खेळत असतो.

जुगार आपल्या भूमीला नवा नाही. ऋग्वेदातील अक्षसूक्तात फाशांपायी घर गमावलेल्या जुगाऱ्याचा विलाप आहे. महाभारतातील द्यूत तर सर्वांना ठाऊक आहे. तेथे डाव मांडणारा मनुष्य धर्मराज म्हणून ओळखला जाई, ही गोष्ट विसरता कामा नये. मुंबईत न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील भावांवर आकडा लागत असे, त्यातूनच पुढे मटका जन्मला आणि गिरणगावातील कित्येक पगार त्यात विरघळले. परंतु मटक्याच्या अड्ड्यापर्यंत चालत जावे लागे. वाटेत कोणी ओळखीचे भेटे, लाज वाटे, कधी माणूस परतही फिरे. मोबाईलने ती वाटच नाहीशी केली.

शिवाय नव्या खेळांना प्रतिष्ठेचे वस्त्र मिळाले होते. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने कौशल्याची स्पर्धा आणि जुगार ह्यांत भेद केला आणि १९६८ साली रमी हा मुख्यत्वे कौशल्याचा खेळ असल्याचे म्हटले. पुढे ह्याच भेदाच्या आधारे कंपन्यांनी आपला व्यवसाय उभा केला. नामवंत खेळाडू व अभिनेते जाहिरातींतून घरात आले. जबाबदारीने खेळा, असे एक वाक्य शेवटी घाईघाईने म्हटले जाई. पैशांच्या ऑनलाइन खेळांपुरता हा भेद नव्या कायद्याने बाजूस सारला. कौशल्य असो वा नशीब, पैसे लावून खेळविणे बंद, असा त्याचा सरळ अर्थ आहे.

कायद्याची पोच

चांगला कायदा हा समाजावरील उपकार असतो. मोहाची जागा दृष्टीआड झाली तर अनेक दुर्बळ माणसे वाचतात, विशेषतः ज्यांनी अजून पहिला डाव खेळलेला नाही ती मुले. म्हणून ह्या कायद्याचे स्वागत करणे उचित आहे. तरीही त्याच्या मर्यादा ओळखल्या पाहिजेत. परदेशांतून चालविली जाणारी बेकायदा ॲप्स नाव बदलून पुन्हा अवतरतात. जो आधीच अडकला आहे त्याला कोणीतरी नवा दुवा पाठवितोच. त्याच्या डोक्यावरील कर्ज कायद्याने फिटत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मनाला लागलेली सवय राजपत्रातील अधिसूचनेने सुटत नाही.

ही सवय कशी जडते हे समजून घेतल्याशिवाय उपाय सापडणार नाही. दर वेळी बक्षीस मिळाले तर मनुष्य लवकर कंटाळतो, कधीच मिळाले नाही तर सोडून देतो. परंतु कधी मिळते आणि कधी मिळत नाही, अशा अनिश्चित बक्षिसामागे तो थकेपर्यंत धावतो, हे मानसशास्त्राने पूर्वीच दाखवून दिले आहे. थोडक्यात हुकलेला डाव त्याला हरल्यासारखा वाटत नाही, जिंकता जिंकता राहिल्यासारखा वाटतो. मग गमावलेले भरून काढण्याचा अट्टाहास सुरू होतो आणि त्याच पायरीवर बहुतेकांचा तोल जातो. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या आजारांच्या वर्गीकरणात जुगाराच्या विकाराला व्यसनांच्या गटात स्थान दिले आहे. म्हणून अशा माणसाला केवळ ‘मन घट्ट कर’ असे सांगणे हे ताप आलेल्याला ‘अंग थंड ठेव’ असे सांगण्यासारखे आहे.

अरण्यातील तीन मोह

प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या रविवारी दरवर्षी आपण प्रभू येशूच्या मोहांचा वृत्तान्त ऐकतो. संत मत्तयने तो चौथ्या अध्यायात सांगितला आहे. सैतानाने प्रभूपुढे ठेवलेले तीन मोह आणि ह्या खेळांनी माणसापुढे ठेवलेले मोह ह्यांत विलक्षण साम्य आहे.

पहिला मोह धोंड्यांच्या भाकरी करण्याचा. भूक खरी होती आणि भाकरी वाईट नव्हती. परंतु पेरणी, कापणी, दळण ह्या श्रमांच्या वाटेने न जाता क्षणात भाकर हवी, ही ती सूचना होती. आजच्या तरुणाचीही भूक खरी आहे. घराचे हप्ते, शिक्षणाचा खर्च, बेभरवशाची नोकरी ह्या गोष्टी काल्पनिक नाहीत. मोह नेहमी खऱ्या गरजेच्या दारातूनच आत येतो.

दुसरा मोह मंदिराच्या शिखरावरून उडी टाकण्याचा. देव तुला झेलील, असे सैतान सांगतो आणि त्यासाठी पवित्र शास्त्राचा आधारही देतो. जुगारात बुडालेला भाविक मनुष्य नेमकी हीच उडी टाकीत असतो. ‘देवा, एवढा एक डाव जिंकू दे, मग मी कधीच खेळणार नाही,’ ही त्याची प्रार्थना असते. कोणी वेलंकनी मातेला नवस बोलतो, कोणी संत अंतोनीपुढे मेणबत्ती लावतो. त्याची श्रद्धा खोटी नसते, पण ती देवाची परीक्षा पाहण्याच्या वाटेला लागलेली असते. प्रभूने ह्या मोहाला जे उत्तर दिले तेच आपले उत्तर असले पाहिजे: परमेश्वराची परीक्षा पाहावयाची नसते. देवाचा सांभाळ हा आपल्या डावाची हमी होऊ शकत नाही.

तिसरा मोह जगाच्या वैभवाचा. एकदाच गुडघे टेक, सारे तुझे होईल. ‘एकदाच’ हा शब्द सैतानाचा आवडता शब्द असावा. कारण एकदा टेकलेले गुडघे पुन्हा पुन्हा टेकले जातात.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, प्रभू सैतानाशी वाद घालत बसला नाही. तिन्ही वेळा त्याने देवाच्या वचनाचा आधार घेतला, थोडक्यात उत्तर दिले आणि संवाद संपविला. आपली हार बहुधा ह्याच ठिकाणी होते. ‘फक्त पाहतो, खेळत नाही’, ‘फक्त शंभर रुपये’, अशी बोलणी आपण मोहाशी करू लागतो. ज्याने बोलणी सुरू केली त्याने अर्धी लढाई गमावली.

ख्रिस्तसभेची शिकवण

कॅथॉलिक धर्मशिक्षण ग्रंथाच्या २४१३ व्या परिच्छेदात ह्या विषयावर समतोल मार्गदर्शन आहे. नशिबाचे खेळ व पैजा स्वतःहून न्यायाच्या विरुद्ध नाहीत; परंतु स्वतःच्या आणि इतरांच्या गरजा भागविण्यासाठी लागणारे जेव्हा त्यांपायी हिरावले जाते, तेव्हा ते नैतिकदृष्ट्या अस्वीकार्य ठरतात. जुगाराचा ध्यास मनुष्याला गुलाम करू शकतो, असा इशाराही तेथे दिलेला आहे. पोप लिओ चौदावे ह्यांनीही २९ डिसेंबर २०२५ रोजी इटलीतील नगरपालिकांच्या प्रतिनिधींशी बोलताना, अनेक कुटुंबांची धूळधाण करणाऱ्या जुगाराच्या संकटाकडे लक्ष वेधले होते.

ह्या शिकवणुकीच्या प्रकाशात आपण स्वतःकडेही पाहावयास हवे. आपल्या सणांच्या कार्यक्रमांत हाउझी असते, सोडतीची तिकिटे असतात. एखाद्या सायंकाळची निरागस करमणूक आणि व्यसन ह्यांत अंतर आहे, हे खरे. परंतु बक्षिसांच्या रकमा वाढू लागल्या, घरखर्चाच्या पैशांतून तिकिटांची चळत घेतली जाऊ लागली, लहान मुले आईवडिलांबरोबर उत्कंठेने आकडे खोडू लागली, म्हणजे ते अंतर कमी होत जाते. बाहेरील जुगाराविरुद्ध बोलण्यापूर्वी धर्मग्राम मंडळांनी ह्याचा प्रांजळपणे विचार करावा.

शर्टही हरलेला संत

नव्या प्रारंभाविषयी बोलताना एका संताची आठवण अपरिहार्य आहे. १५५० साली इटलीत जन्मलेले कामिलस डी लेलिस हे सैनिक होते, उंचपुरे, तापट आणि जुगाराचे व्यसनी. पायाला झालेली जखम बरी होईना म्हणून ते रोममधील संत याकोबाच्या रुग्णालयात राहिले, उपचाराच्या बदल्यात तेथे काम करू लागले. परंतु भांडणे व जुगार ह्यांमुळे त्यांना काढून टाकण्यात आले. १५७४ साली नेपल्स येथे ते सर्वस्व हरले. अंगावरील शर्टदेखील त्यांनी डावावर लावून गमावला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. त्यानंतर मानफ्रेदोनिया येथे चर्चच्या दारात भीक मागताना त्यांना कपुचिन मठाच्या बांधकामावर मजुरी मिळाली. तेथील एका मठवासीयाच्या हितोपदेशाने त्यांचे मन हलले आणि २ फेब्रुवारी १५७५ रोजी वाटेतच गुडघे टेकून ते रडले. तो त्यांचा नवा जन्म.

परंतु कथा येथे संपत नाही, आणि आपल्यासाठी पुढचा भागच अधिक मोलाचा आहे. ते कपुचिन संघात गेले, पण पायाची जखम पुन्हा चिघळल्याने त्यांना परत पाठविण्यात आले. ते कोठे गेले? ज्या रुग्णालयातून जुगारापायी हाकलले गेले होते, त्याच रुग्णालयात. जेथे आपली अपकीर्ती झाली तेथेच ते रुग्णसेवक म्हणून उभे राहिले आणि काही वर्षांत त्याच रुग्णालयाचे व्यवस्थापक झाले. संत फिलिप नेरी त्यांचे पापनिवेदन ऐकीत व त्यांना मार्ग दाखवीत. १५८४ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. त्यांनी स्थापिलेल्या रुग्णसेवकांच्या संघाला १५८६ साली मान्यता मिळाली आणि त्याच वर्षी संघाच्या झग्यावर लाल क्रूस आला. १४ जुलै १६१४ रोजी त्यांचे निधन झाले. पायाची जखम अखेरपर्यंत भरली नाही. आज ते रुग्णांचे आणि परिचारकांचे आश्रयदाते संत आहेत.

न भरलेली ती जखम आपल्याला पुष्कळ शिकवते. नवा प्रारंभ म्हणजे जुनी दुर्बलता एका दिवसात नाहीशी होणे नव्हे. दुर्बलता बरोबर घेऊनच वेगळ्या वाटेने चालणे म्हणजे नवा प्रारंभ.

प्रारंभ कोठून करावा

पहिली पायरी सत्य सांगण्याची. लपविलेले व्यसन अंधारातील बुरशीसारखे वाढते. पापनिवेदनाच्या गुप्ततेत धर्मगुरूंना सांगावे. तेथून ती गोष्ट बाहेर जाणार नाही. परंतु तेथेच थांबू नये. पापक्षमा मिळाली म्हणजे कर्ज फिटले असे होत नाही. जक्कयने प्रभूला घरी घेतले, तेव्हा आपल्या व्यवहाराचा हिशेब मांडला, ज्यांना लुबाडले असेल त्यांना चौपट परत करण्याचे वचन दिले. म्हणून पत्नीला, पतीला, आईवडिलांना पूर्ण आकडा सांगावा. अर्धा आकडा सांगणारा मनुष्य बहुधा उरलेले पैसे गुपचूप जिंकून भरण्याच्या विचारात असतो.

दुसरी पायरी पापाचा प्रसंग टाळण्याची. पश्चात्तापाच्या प्रार्थनेत आपण लहानपणापासून हे वचन देत आलो आहोत. आजच्या काळात त्याचा अर्थ अगदी व्यावहारिक आहे: ॲप काढून टाकणे, त्या गटांतून बाहेर पडणे, काही काळ पगाराचे खाते घरातील विश्वासू व्यक्तीच्या देखरेखीखाली ठेवणे, रात्री मोबाईल शयनगृहाबाहेर ठेवणे. ह्यात कमीपणा नाही. आपले दौर्बल्य जाणून कुंपण घालणारा शेतकरी शहाणाच म्हणावयाचा.

तिसरी पायरी मदत घेण्याची. शासनाची ‘टेली-मानस’ ही मानसिक आरोग्यासाठीची विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ ह्या क्रमांकावर उपलब्ध आहे. आर्थिक सायबर फसवणूक झाली असल्यास १९३० ह्या क्रमांकावर त्वरित कळवावे. कर्ज देणाऱ्या ॲपने मोबाईलमधील संपर्कयादी उघडून नातेवाइकांना धमकावणे हे रिझर्व्ह बँकेच्या नियमांना धरून नाही. २०२२ सालच्या मार्गदर्शक सूचनांनीच अशा ॲपना संपर्कयादीकडे जाण्यास मनाई केली आहे. तेव्हा भयापोटी एक कर्ज फेडण्यासाठी दुसरे काढू नये. मद्यपींच्या स्वमदत गटांच्या धर्तीवर जुगाऱ्यांचेही गट १९५७ पासून जगात कार्य करीत आहेत. त्यांचे सूत्र साधे आहे: आयुष्यभराची शपथ नको, आजचा दिवस सांभाळू.

आणि घसरण झाली तर? तीन महिने सावरलेला मनुष्य एका रात्री पुन्हा खेळतो, तेव्हा त्याला वाटते की सारे संपले. हे वाटणे हाच सर्वांत मोठा मोह होय. पेत्राने एका रात्रीत तीनदा प्रभूला नाकारले, आणि पुनरुत्थित प्रभूने त्याला तीनदा प्रेमाची कबुली देण्याची संधी दिली. ज्या प्रभूने आपल्याला सत्तर वेळा सात क्षमा करावयास सांगितले, तो स्वतः सातव्या वेळी दार लावून घेणार नाही.

धर्मग्रामाची कसोटी

खरी कसोटी मात्र आपली, धर्मग्रामाची आहे. बांधवाने सत्य सांगितले तर ते ऐकणारे कान आपल्याकडे आहेत काय? की दुसऱ्या दिवशी ती बातमी बाजारात, विहिरीवर आणि व्हॉट्सॲपवर पोहोचते? लाजेपोटी कित्येक जण बोलत नाहीत आणि न बोलल्यामुळे बुडतात. लघुख्रिस्ती समूहाच्या बैठकीत ह्या विषयावर एकदा तरी मोकळेपणी बोलले जावे. पतपुरवठ्याची जाण असलेल्या निवृत्त बँक कर्मचाऱ्यांनी अशा कुटुंबांना हप्त्यांची फेरमांडणी करून देण्यास साहाय्य करावे. विवाहपूर्व मार्गदर्शन शिबिरांत पैशांविषयीच्या पारदर्शकतेला स्थान मिळावे.

वसईच्या भूमीत ह्याची परंपरा आहे. १९१८ साली मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस ह्यांच्या पुढाकाराने येथे कॅथॉलिकांची सहकारी पतसंस्था उभी राहिली. तिचीच पुढे बसीन कॅथॉलिक सहकारी बँक झाली. अडलेल्या माणसाची पत समाजाने सांभाळावी, हे त्यामागील तत्त्व होते. आजच्या अडलेल्या माणसाला पैशांच्या पतीबरोबरच विश्वासाची पतही हवी आहे.

‘आशेचे यात्रेकरू’ हे बोधवाक्य घेऊन पोप फ्रान्सिस ह्यांनी २४ डिसेंबर २०२४ रोजी उघडलेले पवित्र वर्ष पोप लिओ ह्यांनी ६ जानेवारी २०२६ रोजी समाप्त केले. महामंदिराचे पवित्र द्वार बंद झाले. लेवीय ग्रंथातील पन्नासाव्या वर्षाची कल्पना मात्र कालबाह्य होत नाही: त्या वर्षी गुलाम आपल्या कुटुंबात परत येई आणि गमावलेली जमीन मूळ घराण्याला परत मिळे. आपल्या धर्मग्रामात आज कोणी एक जण घरी परत येण्याची वाट शोधीत आहे. बंधुभगिनींनो, येत्या रविवारी मिस्सानंतर तो आपल्यापाशी घुटमळला, तर घाईने निघून जाऊ नये. कदाचित त्याला काही सांगावयाचे असेल.